जुनं राजेशाही हॉटेल फोडून फ्लॅट : घेण्यासारखं असते का हे?

कारंजाकडचा
मंडळी, प्रश्न आपल्या ऐपतीबाहेरचा वाटेल पण विचारून घेतो. समृद्धी महामार्गात आमचं वावर गेलं हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्यातले काही पैसे परत शेतीत टाकले, काही बँकेत पडून आहेत, आणि तेव्हापासून आमचा नागपूरचा साळा रोज मोबाईलवर काही ना काही पाठवत राहतो. आधी लेआउट, मग ताडोब्याकडचं फार्महाऊस, आता एकदम नवीनच काढलं. एका थंड हवेच्या ठिकाणी (विदर्भाबाहेर, नाव मुद्दाम देत नाही) इंग्रजांच्या काळातलं मोठं हॉटेल आहे, साहेब लोक, संस्थानिक वगैरे उतरायचे म्हणे. ते बंद करून त्याचे 'हेरिटेज रेसिडेन्स' करणार, पंचवीस-तीस फ्लॅट, आणि थोड्या खोल्या हॉटेल म्हणून चालू राहतील. किंमत दीड कोटीच्या पुढं. चौघा भावांनी मिळून घ्या असं साळ्याचं डोकं. वर्षातले ठरावीक दिवस आपण राहायचं, बाकी दिवस हॉटेलवाले भाड्यानं देतील आणि आपल्याला वाटा.

जाहिरातीत लिहिलं आहे की न्यूयॉर्कची वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया आणि प्लाझा ही हॉटेलं पण अशीच झाली. खरंच असं झालं का? आणि झालं तर घेणाऱ्यांचं पुढं काय झालं? घरची म्हणते नागपुरात टू बीएचके घ्या आणि गप बसा.

पऱ्हाटी_उपटणारा
चौघा भावांत फ्लॅट! बाप्पा, चौघा भावांत इहिरीच्या पान्याची पाळी लागत नाई आमच्याकडे, तिथं दिवाळीच्या सुट्ट्या कोन घेईन आन् श्रावनातला पाऊस कोनाच्या वाट्याले येईन हे कोन ठरवन? वयनीचं ऐक भौ.

मोर्शीची_संत्री
वहिनींना +१. बाकी धागा इंटरेस्टिंग, वाचतेय.

लोणारचा_खारा
दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण जाहिरातवाल्यानं अर्धीच सांगितली.

वॉल्डॉर्फ आधी घ्या. आत्ताची इमारत १९३१ ची. त्याच्या आधीचं वॉल्डॉर्फ दुसऱ्या जागी होतं, ते पाडून तिथं एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. चीनच्या अनबांग नावाच्या विमा कंपनीनं हे हॉटेल हिल्टनकडून १९५ कोटी डॉलरला घेतलं, तेव्हा अमेरिकेत हॉटेलची एवढी किंमत कोणी दिली नव्हती. मार्च २०१७ मध्ये हॉटेल बंद केलं. चौदाशेच्या आसपास खोल्या होत्या, त्यातून पावणेचारशेच्या आसपास खोल्या हॉटेलसाठी आणि जवळपास तेवढेच फ्लॅट विकायला असा हिशोब. दोन-तीन वर्षांत उघडू म्हणाले. २०१८ मध्ये चीन सरकारनं ती विमा कंपनीच ताब्यात घेतली आणि तिच्या मालकाला १८ वर्षांची शिक्षा झाली. मधात कोरोना आला. हॉटेल परत उघडलं २०२५ मध्ये. आता साळेबुवांना विचारा की तुमचा बिल्डर किती वर्षं म्हणतो.

प्लाझा १९०७ चं. १९८८ मध्ये ट्रम्पनं चाळीस कोटी डॉलरच्या वर मोजून घेतलं, चार वर्षांत दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. पुढं हात बदलत बदलत २००४ मध्ये एका बिल्डरकडं ६७.५ कोटी डॉलरला आलं. त्याला जवळपास सगळ्याचे फ्लॅटच करायचे होते. हॉटेल कामगारांच्या युनियननं असा गोंधळ घातला की महापौर ब्लूमबर्गला मधात पडावं लागलं, मग तडजोड होऊन हॉटेलच्या खोल्या वाढवून ठेवल्या. २००५ मध्ये बंद, २००८ मध्ये उघडलं. आणि मजा म्हणजे २०१२ मध्ये त्यातला मोठा हिस्सा आपल्या सहारा समूहानं घेतला होता, २०१८ मध्ये तो कतारच्या कंपनीकडं गेला.

चंद्रपुरी_ऊन
काय सांगता, सहारा? म्हणजे इकडं गावोगाव एजंट रोजचे दहा-वीस रुपये गोळा करत होते आणि तिकडं न्यूयॉर्कात प्लाझा?

लोणारचा_खारा
पैसा कुठून कुठं गेला ते मी बोलत नाही, कोर्टात फार मोठं प्रकरण आहे. ठेवीदारांसाठी सरकारनं २०२३ मध्ये रिफंड पोर्टल काढलं आहे, कोणाचे अडकले असतील तर त्यावर अर्ज टाका. हे अवांतर झालं.

प्लाझाच्या फ्लॅटचं राहिलं. एका रशियन माणसानं सगळ्यात वरचं पेंटहाऊस पाच कोटी डॉलरच्या वर ठरवलं, नकाशे बघून. प्रत्यक्षात गेला तर छत खाली, खिडक्या छोट्या, माळ्यासारखी जागा. २००८ मध्येच कोर्टात गेला. ती जागा मुळात हॉटेलचं छपरावरचं अंग, बाहेरून बदलता येत नाही कारण इमारत १९६९ पासून संरक्षित.

पऱ्हाटी_उपटणारा
पाच कोटी डॉलर देऊन माळ्यावर झोपला! आमचा सालदार फुकटात झोपते.

विदर्भाची_सून
मी शिक्षणानं आर्किटेक्ट, लग्नानंतर आर्वीला. आता बहुतेक कामं लोकांच्या जिन्याखालच्या संडासाची असतात 😄 पण आधी मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या ऑफिसात होते म्हणून लिहिते.

खारा दादांनी खिडकीचं लिहिलं ते नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथं आहे. हॉटेलची खोली आणि घर यांची रचनाच वेगळी. हॉटेलमध्ये मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूला सारख्या खोल्या, प्रत्येकीला एक खिडकी. त्याचं घर करायचं तर दोन-तीन खोल्यांच्या मधल्या भिंती काढाव्या लागतात. न्यूयॉर्कच्या त्या इमारती स्टीलच्या सांगाड्याच्या, तिथं मधली भिंत काढली तर मजला खाली येत नाही. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणची जुनी हॉटेलं म्हणजे जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, वरचं लाकडी छप्पर त्याच भिंतींवर टेकलेलं. तिथं वाट्टेल ती भिंत काढता येत नाही. मग फ्लॅटचा नकाशा असा होतो की बेडरूममधून किचनला जा आणि किचनमधून दुसऱ्या बेडरूमला.

आणि किचन तरी कुठं? हॉटेलात एकच मोठा भटारखाना असतो, मागच्या अंगाला. पंचवीस फ्लॅटना पंचवीस किचन म्हणजे पंचवीस ठिकाणी मोरीचं पाणी, फोडणीचा धूर बाहेर काढायला पाइप, आणि तो पाइप दर्शनी भिंतीवर दिसला की हेरिटेजवाले हरकत घेणार. संडास-बाथरूम तर बहुतेक जुन्या हॉटेलांत नंतर व्हरांडा कोंडून काढलेले असतात, त्यांचं पाणी आधीच भिंतीत मुरलेलं. वरून ठेकेदार काय करतो, चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारतो, दिसायला गुळगुळीत. चुन्याची भिंत ओल घेते आणि हवेत सोडते, सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आतल्या आत राहते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे. थंड हवेच्या ठिकाणी पाऊस किती पडतो तुम्हाला माहीत आहे, आपल्यासारखा नाही तो.

टॉवेलवाला
ताईंनी बरोब्बर लिहिलं. मी मुंबईत एका फाइव्ह स्टारमध्ये हाउसकीपिंगला होतो, मग दुबई, आता तुमसरजवळ स्वतःचा धाबा आहे. लोक इमारतीचं बोलून राहिले, मी माणसांचं बोलतो. खोली रोज उघडते म्हणून कामवाला लागतो, चादर रोज बदलते म्हणून लाँड्रीत दहा पोरं असतात, पाहुणा रोज नवा म्हणून दारवान, वेटर, बेलबॉय, माळी. फ्लॅट झाला की मालक वर्षातून दोनदा येणार, बाकी कुलूप. प्लाझाची युनियन भांडली ती ह्याच्यासाठी. आपल्याकडं डोंगरावरच्या हॉटेलात आजूबाजूच्या गावची पोरं लागलेली असतात, सीझनपुरती का होईना. त्यांना कोण विचारणार? तिथं काही ब्लूमबर्ग येणार नाही.

दुसरं. हॉटेल श्रीमंतांचं असलं तरी एक सोय असते. खिशात पैसे असले तर कोणीही जाऊन चहा पिऊन येऊ शकतो, महाग पडतो पण येऊ शकतो. माझ्या बापाला मी एकदा ड्युटीवर असताना लॉबीतून फिरवून आणलं होतं, धोतर-टोपीत, मॅनेजरनंच खुर्ची दिली. फ्लॅट झाल्यावर गेटवरचा सिक्युरिटी विचारतो, कोणाकडं जायचं?

चंद्रपुरी_ऊन
टॉवेलवाले भाऊ, भावना समजली, पण मला हे पटत नाही. हॉटेल चाललं असतं तर विकलं कशाला असतं? खोल्या निम्म्या रिकाम्या, छप्पर गळते, मालकाच्या पोरांची आपसात केस चालू. ते पडून राहिलं तर दहा वर्षांत माती. फ्लॅट विकून एकदम रोकड हातात येते, त्यातून छप्पर होते, दगड होते. हॉटेलच्या रोजच्या गल्ल्यातून एवढी दुरुस्ती कधीच निघत नाही. बिल्डर नफा घेणारच, फुकट कोण करते?

नाही करायचं तर मुंबईचं वॉटसन बघा. १८६० च्या दशकातलं हॉटेल, सगळा लोखंडी सांगाडा विलायतेत घडवून जहाजानं आणला होता. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला तो त्याच हॉटेलात. पुढं हॉटेल बंद पडलं, आत भाडेकरू, वकिलांची ऑफिसं, पार्टिशनवर पार्टिशन, नाव एस्प्लनेड मॅन्शन. भाडं जुनं, मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू निघेना. २००५ मध्ये एक भाग कोसळला. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. ते पण एका अर्थी हॉटेलचे फ्लॅटच झाले ना? फक्त पैसेवाले आले नाहीत.

विदर्भाची_सून
वॉटसनचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथं मुद्दा पैसेवाले आले नाहीत एवढाच नाही हो. दुरुस्तीची जबाबदारी कोणावर ह्याचा निकाल लागला नाही म्हणून तसं झालं. तुमचा करोडपती पण हेच करतो. फ्लॅट घेताना दीड कोटी देतो आणि छपराच्या दुरुस्तीला पाच लाख मागितले की म्हणतो मी खालच्या मजल्यावर राहतो, मला छताशी काय करायचं.

पऱ्हाटी_उपटणारा
मुंबईले आमदार निवास हाये न कुलाब्याले, मॅजेस्टिक, थे बी आंधी हॉटेलच होतं म्हनतात.

लोणारचा_खारा
हो, मॅजेस्टिक हॉटेल. सरकारनं घेऊन आमदार निवास केलं. हॉटेलचं रूपांतर करायचा हा आपला खास महाराष्ट्रीय प्रकार.

पऱ्हाटी_उपटणारा
मंग तं बरं हाये. गावातून बम लोकं जाऊन राह्यले तिथं कामं घेऊन, कोनी विचारलं नाई कोनाकडे जायचं. आमदार एक आन् त्याच्या खोलीत खाटीखाली बी मानसं. असं कन्व्हर्जन पायजे.

मोर्शीची_संत्री
😂😂

हिंगणघाटी
धागा वाचून आमच्या जिनाची आठवण झाली. हॉटेल नाही, पण गोष्ट तीच. इंग्रजांच्या काळातली कापसाची जिनिंग-प्रेसिंग, दगडी कंपाउंड, मोठी चिमणी, आत मॅनेजरचा बंगला. बंद पडल्यावर आमच्या गावातल्या एकानं घेतली, लेआउट पाडला, एनए झालं. जाहिरात केली 'हेरिटेज टाउनशिप', चिमणी ठेवणार, बंगल्याचं क्लब हाऊस करणार. प्लॉट विकून झाले. चिमणी धोकादायक म्हणून उतरवली, बंगल्याच्या सागवानाचे दरवाजे कुठं गेले देव जाणे. प्लॉटवाले आता नगरपालिकेत भांडतात की नाली कोण काढणार. मी मोठ्या आवाजात कोणाला दोष देत नाही, मी पण तिथं प्लॉट बघून आलो होतो, भाव जास्त म्हणून सोडला.

चंद्रपुरी_ऊन
हे मात्र खरं. जे ठेवायचं ते कागदावर बांधून घेतलं पाहिजे. वॉल्डॉर्फचं काय झालं खारा दादा, आतलं सगळं काढलं का?

लोणारचा_खारा
नाही, तिथं शहरानंच पाय रोवला. बाहेरून इमारत १९९३ पासून संरक्षित होतीच. फ्लॅट करणार म्हटल्यावर आतल्या जागांची भीती वाटली, म्हणून २०१७ मध्ये लॉबी, बॉलरूम वगैरे आतली दालनं पण संरक्षित यादीत घेतली. तिथं न्यूयॉर्क पालिकेची त्यासाठी वेगळी समिती आहे. म्हणून मालक बदलले, कंपनी बुडाली, तरी जमिनीवरचं मोझॅक जागच्या जागी राहिलं. प्लाझाच्या आतल्या दालनांना पण २००५ मध्ये, कामाच्या आधीच, असं संरक्षण दिलं होतं.

आणि टॉवेलवाले भाऊंसाठी एक: वॉल्डॉर्फात कायम राहणारे लोक आधीपासूनच होते. टॉवर्स म्हणून वेगळा भाग होता, तिथं माजी राष्ट्राध्यक्ष हूवर, जनरल मॅकआर्थर वर्षानुवर्षं राहिले. म्हणजे हॉटेलात घर हे काही आजचं खूळ नाही. फरक इतकाच की ते भाडेकरू होते. रोजची माणसं, नोकर, जेवणघर सगळं हॉटेलचं, ते सुरू राहिलं म्हणून यांचं घर सुरू.

दर्यापूरचा_वकील
उशिरा आलो, आज तारखेवर होतो. कारंजाकर, तुमच्या कामाचं सांगतो, बाकी इतिहास चालू द्या.

एक, जमीन कोणाची ते बघा. थंड हवेच्या ठिकाणचे ब्रिटिशकालीन बंगले, हॉटेलं बरेचदा सरकारी लीजवरच्या जमिनीवर असतात, आपल्याकडच्या नझुलासारखं. लीज किती वर्षांची उरली, कशासाठी दिली होती, राहण्यासाठी वापर बदलायला परवानगी घेतली का. लीज हॉटेलसाठी असेल आणि त्यावर फ्लॅट विकले तर उद्या शर्तभंगाची नोटीस तुमच्या नावानं येईल, बिल्डर तोपर्यंत दुसऱ्या डोंगरावर.

दोन, रेरा, म्हणजे बिल्डरला प्रकल्पाची सरकारी नोंदणी करायला लावणारा कायदा. नुसतं जुन्या इमारतीचं नूतनीकरण असेल आणि काही विकायचं नसेल तर रेरा लागत नाही, पण नूतनीकरण करून फ्लॅट विकायचे, जाहिरात करायची म्हटलं की लागतो. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर सूट आहे, तुमचे पंचवीस-तीस आहेत. महारेराचा नंबर जाहिरातीवर छापलाच पाहिजे. तो आहे का? नंबर टाकला की वेबसाइटवर मंजूर नकाशा, मालकी हक्काचा वकिली दाखला, चालू असलेल्या केसेस, पूर्ण करायची तारीख सगळं निघतं. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामावर खर्च करायचे असतात.

तीन, हे सोसायटी करणार की अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र? महाराष्ट्रात १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. त्यात फ्लॅट तुमच्या नावावर आणि जमीन, छप्पर, जिना, बाग यात अविभाजित हिस्सा. घोषणापत्रात लिहिलेलं असतं कोणाचा हिस्सा किती टक्के आणि सामाईक भाग कोणता. तुमच्या केसमध्ये अर्धं हॉटेल चालूच राहणार, म्हणजे डायनिंग हॉल, लॉन, पार्किंग सामाईक की हॉटेलच्या मालकीचं? फोटोत दिसणारा तो मोठा जिना आणि झुंबर घोषणापत्रात हॉटेलवाल्याच्या नावावर असेल तर तुम्ही तिथं पाहुणेच.

चार, भाड्यातला वाटा. हा वाटा एकूण भाड्यावर नसतो. आधी चालवणाऱ्याची फी, जाहिरात, बुकिंग ॲपचं कमिशन, पगार, लाइट, फर्निचर बदलायचा राखीव फंड, हे सगळं कापून उरलं तर वाटा. मेंटेनन्स मात्र उरो न उरो, दर महिन्याला तुमच्याकडून.

टॉवेलवाला
वकील साहेबांनी फर्निचरच्या फंडाचं लिहिलं त्याला दहा वेळा +१. हॉटेलात गादी, पडदे, गालिचा काही वर्षांनी बदलावेच लागतात आणि तो खर्च कोणाच्या ध्यानात नसतो. आणि भाड्याचे दिवस कोणते? सीझनला हॉटेल आधी स्वतःच्या खोल्या भरते. तुमची खोली भरते उरलेल्या गर्दीत.

चंद्रपुरी_ऊन
मी बाजूनं बोलत होतो पण ह्या वाट्याच्या बाबतीत माघार. स्वतः राहायला, जुन्या इमारतीची आवड म्हणून, पैसा मोकळा असेल तर घ्यावं. कमाईसाठी नको.

पऱ्हाटी_उपटणारा
पैसा मोकळा असन तं तो कारंजाकराचा नसन, त्याच्या साळ्याचा असन.

कारंजाकडचा
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. साळ्याला फोन करून रेरा नंबर आणि लीजचा कागद मागितला. नंबर 'येऊन राहिला' म्हणाला. लीजच्या कागदाऐवजी ड्रोननं काढलेला व्हिडिओ पाठवला, त्यात ढग आणि एक घोडा आहे. धाकटा भाऊ अजून तयार आहे, त्याला घोडा आवडला. बुकिंगला पाच लाख टोकन मागतात, दिवाळीपर्यंत ऑफर म्हणे.

दर्यापूरचा_वकील
रेरा नोंदणीआधी बुकिंग घेणंच कायद्यात बसत नाही. टोकन देऊ नका. धाकट्या भावाला माझ्याकडं पाठवा, चहा पाजतो.

विदर्भाची_सून
कारंजाकर, अजून एक करा. ते हॉटेल अजून चालू आहे ना? मग घेण्याच्या आधी तिथं दोन रात्री पाहुणे म्हणून राहून या, ऐन पावसात. सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली मागा. बादल्या कुठं ठेवल्या आहेत, पॅसेजमधल्या भिंतीला कुठवर ओल आहे, कपाटाच्या मागं वास कसला येतो, गरम पाणी किती वेळानं येतं, सगळं कळेल. आणि वाढणाऱ्या जुन्या माणसाशी बोला, त्याला मालकाच्या पोरांच्या केसचं सगळं माहीत असतं.

टॉवेलवाला
आणि त्याला टिप द्या.

कारंजाकडचा
हे पटलं. सोयाबीनचा डवरा-फवारा आटोपला की घरचीला घेऊन जातो. ती म्हणते फ्लॅट नको पण फिरायला चालते.

पऱ्हाटी_उपटणारा
जाय भौ. बिल मातर साळ्याच्या नावानं फाड.